पाठमोरा

१

तत्त्वज्ञान शिकतो असं सांगितलं की वाडीतली माणसं शुभमकडे जरा काळजीने बघत. “म्हंजे कीर्तन करनार काय रे?” असं मोरूदादाने एकदा विचारलं होतं. “नाय, पीएच.डी. करतोय,” म्हटल्यावर त्याने “बरं, बरं” म्हणून विषय बदलला. कुणाच्या घरचं दुखणं निघालं की बदलतात तसा.

पोलादपुरातून घाटाच्या अंगाला निघालं की पाच-सहा किलोमीटरवर ही वाडी लागते. पंधरा-वीस घरं, त्यातली निम्मी गणपती आणि शिमगा सोडला तर कुलूपबंद. शेवटचं पत्र्याचं घर बनुबाईचं, म्हणजे शुभमच्या काकीचं. शुभमचा बाप लवकर गेला, आई तो तीन वर्षांचा असताना. काकीने त्याला आपल्या रेश्माबरोबर वाढवलं आणि दोघांच्या ताटात कधी भाकरीचा तुकडाही लहान-मोठा केला नाही. हे सगळी वाडी जाणून होती. शुभमही जाणून होता.

ज्येष्ठात काकीच्या अंगावरून वारं गेलं. हात-पाय गेले, वाचा गेली. पेज भरवली तर गिळायची, डोळे उघडे असायचे, बाकी काही नाही. महाडच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, “जिवाला धोका नाही. पण ऐकू जातं की नाही, कळतं की नाही, हे आज कुणीच छातीठोक सांगणार नाही. तुम्ही आपलं बोलत राहा.”

रेश्मा डोंबिवलीला, नोकरी कंपनीतली, रजा संपलेली. ज्याला ऑफिस नाही त्याला वेळच वेळ असतो अशी जगाची समजूत असल्यामुळे शुभम मुंबईचं हॉस्टेल सोडून श्रावणात वाडीला आला. महिनाभर म्हणून आला आणि कार्तिक उजाडला.

दिवस ठरलेला होता. सकाळी सातला पेज. चमच्याने भरवायची, एक घोट गेल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, त्यामुळे पाऊण तास जायचा. मग तोंड पुसायचं, कूस बदलायची. आणि नऊला खिडकीशी टेबलावर बसून एक तास लिहायचं. खुर्ची अशी ठेवलेली की तोंड खिडकीकडे आणि पाठ खाटेकडे. उजेडासाठी, असं तो म्हणायचा. खरं कारण काकीचे उघडे डोळे होते. समोर बसलं की ते कुठेतरी लागायचे.

गंमत अशी, की शुभमचा विषयच मुळी तो होता. समोरच्याला आतून काही जाणवतंय हे आपल्याला कशावरून कळतं? चार वर्षं तो या एका प्रश्नाची मशागत करत होता आणि पीक काही हाती लागत नव्हतं. आश्विनात मात्र लागलं. दोन दिवस मुंबईला जाऊन त्याने विभागात एक निबंध वाचला. त्यात एक ‘व्यक्ती ब’ होती. तिचे डोळे उघडे होते, ती गिळत होती, आणि शुभमने पायरी-पायरीने दाखवून दिलं की तिच्या ठिकाणी ‘कोणी आहे’ असं मानायला आपल्याकडे सवयीपलीकडे काही आधार नाही. ‘ब’ म्हणजे बनुबाई, हे त्याने सांगितलं नाही. डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्यही गाळलं. एका मुलीने विचारलं, “तुम्ही त्यांच्याशी बोलून पाहिलंत का?” शुभम म्हणाला, “बोललो. त्यांनी माझा मुद्दा खोडून काढला नाही.” सगळे हसले. टाळ्या पडल्या. एसटीने परत येताना मात्र त्याचे कान उगाच तापले होते.

२

कार्तिकात रेश्माचा फोन आला.

“पनवेलच्या पुढे एक संस्था आहे, अशा पेशंटसाठीच. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी एक बेड रिकामा होतोय. मला कळतच नाही रे काय करावं. आई सारखी म्हणायची, मला या घराबाहेर मरू देऊ नका. तू असं कर, झोलाईला कौल लाव. देवी ‘ठेव’ म्हणाली तर मी रिझाइन करते आणि येते. ‘नको’ म्हणाली तर संस्था. माझ्याच्याने ठरत नाही.”

“रेश्मा, दगडाला विचारून...”

“तुला नसेल पटत. आईला पटतं ना?”

रेश्माने राजीनामा दिला असता तरी कंपनी तीन महिने सोडणार नव्हती. म्हणजे माघापर्यंत शुभमच. आणि डिसेंबरात त्याचं शेवटचं सादरीकरण होतं. ते चुकलं तर वर्ष गेलं. हे त्याने फोनवर काढलं नाही, पण फोन ठेवल्यापासून दुसरं काही त्याच्या डोक्यातही नव्हतं.

मंगळवारी दुपारी तो देवळात गेला. दत्ताराम गुरवाने झोलाईच्या पाषाणावर पाणी घातलं, झेंडूच्या दोन ओल्या पाकळ्या घेतल्या आणि चाचपडत एक उजव्या अंगाला, एक डाव्या अंगाला चिकटवली. गाऱ्हाणं घातलं, “आई, बनुबाय तुजं लेकरू. तिला तिच्याच घरात ठेवायची आसंल तर उजवी दे. पाठवायची आसंल तर डावी दे. खरं-खोटं तुज्या पदरात.” आणि दोघं गप्प बसले.

दत्तारामच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. महाडला ऑपरेशनची तारीख मिळाली होती ती पौषातली. तोवर कौल घ्यायला येईल त्यानेच बघायचं आणि तोंडाने सांगायचं, असं चाललं होतं. देवीसमोर खोटं कोण बोलणार, म्हणून कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

थोड्या वेळाने टप असा बारीक आवाज झाला.

“पडली,” दत्ताराम म्हणाला. “बग रे बाबा, कंच्या अंगाची?”

दारातून भरदुपारचा उजेड थेट पाषाणावर येत होता. डावी पाकळी जागच्या जागी होती. उजवी खाली पडली होती.

“डावी,” शुभम म्हणाला.

दत्तारामने हात जोडले आणि कितीतरी वेळ जोडूनच ठेवले.

खोटं बोलायला माणसाला वेळ लागत नाही. कारणं शोधायला लागतो. शुभमला ती घरी पोचेपर्यंत तीन सापडली. ओली पाकळी सुकली की पडते, यात देवीचा काय संबंध? दुसरं, रेश्माची नोकरी वाचली. तिसरं, जिला हलवायचं ती मुळात तिथे आहे कुठे? तिन्ही चांगली होती. घरात शिरल्यावर त्याला हसूच आलं. काकीकडे पाठ करून शर्ट खुंटीला अडकवता अडकवता तो मोठ्याने बोलला, “काकी, उजवी पडलेली गो. मी डावी सांगितली.” आणि वर म्हणाला, “तू काही इथं नाहीस, म्हणून सांगतो.”

मग तो टेबलाशी बसला आणि सकाळचं राहिलेलं लिखाण पुरं केलं.

३

हे लिखाण त्याला राजश्री मॅडमनी लावून दिलं होतं. मॅडम त्याच्या गाइड. फिनॉमिनॉलॉजी, म्हणजे अनुभव येतो तसा न्याहाळण्याची विद्या, शिकायची तर पुस्तकं नंतर, आधी नजर धुवून घ्या, असा त्यांचा खाक्या होता. रोज एक तास एकाच जागी बसायचं आणि समोर जे दिसतं ते दिसतं तसं लिहायचं. कारण नाही, मत नाही. आधीपासून जे माहीत आहे ते सगळं कंसात टाकायचं. शुभम दर शनिवारचं पान मोबाइलवर टिपून मॅडमना पाठवायचा. त्यासाठी घरामागच्या उंचवट्यावर, पेंढ्याच्या उडवीपाशी जावं लागायचं, कारण घरात फोन लागायचा, पण नेट तिथेच मिळायचं. आणि लिहिलेलं पुन्हा वाचायचं नाही, हाही मॅडमचाच नियम होता.

त्यानंतरच्या सोमवारी तो उडवीपाशी असताना त्यांचा फोन आला.

“शुभम, तू खिडकीकडे तोंड करून बसतोस ना?”

“हो, मॅडम.”

“मग शनिवारच्या पानावर हे काय आहे? ‘समोर एक पाठ आहे. निळा शर्ट. कॉलरखाली एक फोड, खाजवून लाल केलेला. पाठीपलीकडे खिडकीचा उजेड.’ कुणाची पाठ?”

शुभमला असं काही लिहिल्याचं आठवत नव्हतं. शनिवारी त्याने उडवी लिहिली होती, उडवीवर चढलेली कोंबडी लिहिली होती.

“कल्पना करून लिहिलं असेल, मॅडम.”

“प्रयोग म्हणून छानच आहे. पण तसं सांग ना मग. दिसणं नेहमी कुठून तरी असतं. हे कुठून दिसलं, ते वाचणाऱ्याला कळायला हवं.” त्यांनी काकीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

शुभमने मानेमागे हात नेला. कॉलरच्या खाली बोट लागताच तो कळवळला. फोड होता.

४

आता शुभम काही भुताखेतांना घाबरणाऱ्यातला नव्हता. तो घरी येईपर्यंत त्याने स्वतःला नीट समजावलं. फोड दुखत असणारच, आपण न कळत खाजवला असणार, आणि दुखणाऱ्या जागेचं चित्र मनाने आपोआप काढलं असणार. झोप कमी, त्यात एकटेपणा. पुरेसं आहे.

अकराला सुंदराबाई आली. खालच्या बौद्धवाडीतली, काकीच्या बरोबरीची. चाळीस वर्षं दोघींनी एका बांधाला लावणी केली होती. आता ती रोज येऊन काकीचं अंग पुसायची, वेणी घालायची आणि सगळा वेळ तिच्याशी भांडायची. “काय गो बनू, आज त्वांड फुगवलंस ते? रातीची पेज नाय आवाडली? तुजा पुतन्या मीठ घालाय इसरतो, मी काय करू?” निबंधात शुभमने हे ‘भाबडी समजूत’ या मथळ्याखाली घातलं होतं.

“मावशी,” तो म्हणाला, “तिला कळतं असं वाटतं तुम्हाला?”

“वाटतं काय? हाय ती. तू लिवाय बसलास की तुज्या पाठीकडं बगत असती.”

“कशावरनं?”

सुंदराबाईने त्याच्याकडे नीट बघितलं. जास्त शिकलेल्या माणसाकडे बघतात तसं. “डोळं हायेत ना रे तिला,” ती म्हणाली.

बुधवारी शुभमने तिला मुद्दाम लवकर बोलावलं. “मी लिहीत असताना माझ्या मागे काहीतरी टांगा. काय ते मला सांगू नका, आवाज करू नका, आणि जा.” “खुळा झालास काय?” असं म्हणून ती कबूल झाली.

तासभर तो लिहीत होता. उडवी. कोंबडी. मोरूदादाची रिक्षा चढणीला लागली, तिचा आवाज. पत्रा तापून होणारी टकटक. हेच आपण लिहितोय याची तो दर ओळीला खात्री करून घेत होता. मागे एकदा बांगड्या किणकिणल्या. नंतर काही नाही. खोलीत दोन श्वास चालू होते, आणि मध्येच ते एका लयीत यायचे. मग शुभम आपला श्वास मुद्दाम मोडायचा.

दहा वाजता त्याने नियम मोडला आणि पान वाचलं. पहिल्या दोन ओळी उडवीच्या होत्या. पुढे त्याच अक्षरात, त्याच शाईत, न अडखळता लिहिलेलं होतं:

‘दाराच्या खुंटीला विळा. विळ्याच्या मुठीला हिरवी चिंधी. सुंदरा ओठावर बोट ठेवून हसते. सुंदरा गेली. पाठ आहे. तहान लागली आहे. पाठ वळत नाही. तहान. पाठ वळत नाही. तहान.’

पान संपेपर्यंत तेच.

तो वळला. खुंटीला विळा होता, मुठीला हिरवी चिंधी होती. पण त्याला विळ्याचं काही वाटलं नाही. त्याला आठवलं, की या प्रयोगाच्या गडबडीत सकाळी पेज दिल्यावर पाणी द्यायचं राहिलं होतं. त्याने वाटीत पाणी घेतलं आणि चमचा काकीच्या ओठांना लावला. एक, दोन, अकरा चमचे गेले. एरवी प्रत्येक घोटाला वाट बघावी लागायची. आज गळा भराभर हलत होता. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

भीती नंतर वाटली. आधी वाटली ती लाज. चार महिने या खोलीत तो कपडे बदलत होता, मित्रांशी फोनवर वाटेल ते बोलत होता. ‘अजून किती दिवस रे हे,’ असं त्याने तिच्या उशाशी उभं राहून म्हटलं होतं.

५

मंगळवारचं पान, कौलाच्या दिवसाचं, त्याने दोन दिवस उघडलं नाही. वही टेबलावर असायची आणि तो तिच्याभोवती भांडी-कपडे करत फिरायचा. खुर्ची त्याने उलटी फिरवली होती. आता तो खाटेकडे तोंड करून बसायचा, बोलायचा प्रयत्न करायचा. “काकी, मोरूदादाचं भात झोडून झालं.” एवढं झाल्यावर पुढे शब्द येत नसत. निबंध चाळीस मिनिटं अडखळल्याशिवाय वाचला होता त्याने.

शनिवारी सकाळी त्याने पान उघडलं.

‘पाठ आत आली. शर्ट काढला. पाठ हसते. पाठ म्हणते, उजवी पडलेली. पाठ म्हणते, तू काही इथं नाहीस, म्हणून सांगतो.’

त्याखाली दोनच शब्द होते. अक्षर शुभमचं होतं, बोली त्याची नव्हती.

‘मी हाय.’

त्याने वही मिटली. मग काकीच्या पायाशी बसून तिच्या तळव्याला हात लावला आणि म्हणाला, “आज सांगतो. रेश्मा आली की सांगतो. तुला कुठे पाठवत नाही.” त्या क्षणी त्याला खरोखर तसंच वाटत होतं.

रेश्मा दुपारी आली. एसटीने पोलादपूर, तिथून मोरूदादाची रिक्षा. आल्या आल्या आईच्या गालाला गाल लावून बसली. मग पडवीत येऊन शुभमचे दोन्ही हात धरले.

“तू होतास म्हणून आईचं झालं. सख्खा भाऊसुद्धा करत नाही एवढं.”

“रेश्मा, कौलाचं मला जरा...”

“ते नको काढूस.” तिचे डोळे भरले. “देवीनं सांगितलं म्हणून धीर आला रे. मी ठरवलं असतं तर जन्मभर मला खात राहिलं असतं. आता निदान आईला तोंड दाखवता येतंय.”

शुभमला पुढचं वाक्य पाठ होतं. तीन शब्दांचं होतं. ते बोललं की काकी याच घरात राहणार होती, आणि रेश्मा आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघणार होती.

“चहा घेतेस?” तो म्हणाला.

माजघरातून गळ्याचा एक बारीक आवाज आला, घोट गिळल्यासारखा. पाणी तर कुणी दिलं नव्हतं. रेश्माच्या ते लक्षात आलं नाही. सकाळी सांगू, असं शुभमने ठरवलं. चहात त्याने साखर दोनदा घातली.

६

रविवारी नऊला ॲम्ब्युलन्स आली. वाडीतली होती नव्हती ती माणसं अंगणात जमली. दत्ताराम नातवाचा हात धरून अंगारा घेऊन आला आणि चाचपडत काकीच्या कपाळाला लावला. “डावी पडली, बनुबाय,” तो तिच्या कानाशी म्हणाला. “नायतर आमी काय तुला जाऊ दिली नसती.” सुंदराबाई उंबऱ्यापाशी बसून होती. ती शुभमला एवढंच म्हणाली, “देवीला तरी ह्ये कसं बरं वाटलं रे?” त्याने मान खाली घातली. लोकांना वाटलं, पोराला काकीचा वियोग सोसत नाही.

स्ट्रेचर दारात अडकलं. दार अरुंद, स्ट्रेचर तिरकं करून बाहेर काढायचं होतं. मधल्या त्या मिनिटात काकीच्या अंगावरची चादर घसरली. ती नीट करायला शुभम वाकला आणि दोघांची तोंडं वीतभर अंतरावर आली. चार महिन्यांत इतक्या जवळून त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं.

बुबुळात दार होतं, उजेडाचं, एवढंसं. दारात रेश्मा होती, पदराने डोळे पुसणारी. आणि पुढे तो स्वतः होता. निळा शर्ट, वाकलेले खांदे, कॉलरखाली लाल ठिपका.

तो तिच्या तोंडाकडे तोंड करून उभा होता. तिच्या डोळ्यांत तो पाठमोरा होता.

त्याने मान डावीकडे केली. बुबुळातली मान हलली नाही. त्याने तोंड उघडलं. आत्ता सांगायचं, सगळ्यांसमोर, ओरडून. त्याला वाटलं, आपण बोललो तर आत तो वळेल, आणि त्याचा चेहरा आपल्याला बघावा लागेल.

“दादा, बाजूला व्हा जरा,” ड्रायव्हर म्हणाला.

शुभम बाजूला झाला.

७

डिसेंबरचं सादरीकरण उत्तम झालं. ‘व्यक्ती ब’ पुन्हा आली, पुन्हा मुद्दा खोडून न काढता गेली. एवढंच की राजश्री मॅडम नंतर कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, “बरं झालं ना सगळं? तू ओळखीचा वाटत नव्हतास आज.”

हॉस्टेलच्या खोलीत तो खिडकीशी बसून लिहायचा. खिडकीबाहेर गुलमोहर होता. पण वहीत गुलमोहर यायचा नाही. वहीत छत यायचं, ओलीचा डाग पडलेलं. पंखा, एका पात्याला चिकटपट्टी लावलेला. हिरवा पडदा, त्याच्या तीन कड्या निघालेल्या. आणि प्रत्येक पानाच्या शेवटी एकच ओळ असायची, ‘दाराकडे बघते आहे.’

संस्था हॉस्टेलपासून दोन तासांवर होती. दर रविवारी तो जायचं ठरवायचा आणि दर रविवारी काहीतरी निघायचं. रेश्मा सांगायची, सगळं स्वच्छ आहे, बायका चांगल्या आहेत, तू कामं सोडून येऊ नकोस. एकदा तिने फोटो पाठवला. काकीच्या मागे हिरवा पडदा होता. शुभमने फोटो मोठा करून कड्या मोजल्या आणि मोबाइल उशीखाली सारला.

पौषात एका दुपारी त्याला ते असह्य झालं. त्या दिवशीच्या पानावर ओळ बदलली होती, ‘शुभम अजून आला नाही.’ त्याने तडक रेश्माला फोन लावला. आज सांगायचंच होतं. काकीला परत न्यायचं, विद्यापीठ गेलं खड्ड्यात, आपण स्वतः जन्मभर पेज भरवायची. तीन शब्द ओठांवर घेऊन तो घंटी ऐकत होता.

“मी तुलाच लावत होते,” रेश्मा म्हणाली. “आई गेली रे. साडेअकराला.”

मग तीच बोलायला लागली, रडत, थांबत.

“काल मी तिच्याजवळ बसले होते. तिला म्हटलं, आई, मनाला लावून घेऊ नकोस, झोलाईनंच तुला इथं धाडलं. तर तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. घळाघळा. तिला कळलं असेल ना रे? देवीचं नाव ऐकून शांत झाली असेल ना?”

शुभमने डोळे मिटले.

“हो,” तो म्हणाला. “शांत झाली असेल.”

“तुझं शिक्षण आहे या सगळ्यातलं. तू म्हणालास की बरं वाटतं. संस्थेचा पत्ता लिहून घे, आणि ये लवकर.”

तिने सांगितला तो पत्ता त्याने वहीत लिहून घेतला. “लिहिला,” म्हणाला आणि फोन ठेवला. अंगात पांढरा शर्ट चढवला, पाकीट घेतलं आणि पत्ता बघायला पुन्हा टेबलाशी बसला.

पानावर पत्ता नव्हता.

‘समोर एक पाठ आहे. पांढरा शर्ट. कॉलरखाली फोडाचा डाग. पाठीपलीकडे खिडकी, खिडकीत झाड.’

खोलीत पत्र्यासारखं काहीतरी तापून टकटकत होतं, आणि हॉस्टेलला तर स्लॅब होता. मिठाशिवाय शिजवलेल्या पेजेचा वास होता. मागे, हातभर उंचीवरून, खाट असते तेवढ्या उंचीवरून, एक श्वास चालू होता. शुभमने आपला श्वास रोखला. तोही थांबला. सोडला, तोही सुटला. आणि मग गळा हलल्याचा आवाज आला, कोरडा.

टेबलावर पाण्याची बाटली होती, भरलेली, हाताशी. फक्त वळायचं होतं.

शुभमने बाटलीचं झाकण उघडलं आणि ती हातात धरून खिडकीकडे बघत बसून राहिला. उन्हं उतरली तरी तो तसाच होता. उजवा हात आपला शांतपणे लिहीत होता.

‘तहान. पाठ वळत नाही.’